थोडं थोडं खायचं की भात एकदम बंद: उद्यमबागच्या एका मामांचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी लोकांना आहाराचा सल्ला देते, आणि हे प्रकरण माझ्याकडं आलेल्या बेळगावातल्या एका घरचं आहे. ओळख पटू नये म्हणून गल्ली, कामाची जागा आणि काही बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. गृहस्थ ४७ वर्षांचे, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर, शॉपमधली पोरं त्यांना मामा म्हणतात म्हणून आपणही मामाच म्हणूया. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९४ किलो, कंबर ११० सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, काढला तर ३३ च्या वर जातो, आणि आपल्या लोकांसाठी २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा धरतात, पुरुषाची कंबर ९० च्या आत पाहिजे म्हणतात. चार वर्षांपासून शुगर. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ७.८. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी सकाळी नाश्त्याआधी, शिवाय बीपीची एक.

घरात मामी, मामांची आई आणि कॉलेजला जाणारी मुलगी, मोठा मुलगा पुण्यात आयटीत. मूळ गाव खानापूर तालुक्यात, तिथं थोडी भातशेती अजून कसतात, त्यामुळं सुगी झाली की तांदळाची पोती घरी येतात आणि वर्षभर तोच तांदूळ शिजतो. हे मुद्दाम सांगतेय, कारण विकतचा तांदूळ कमी कर म्हटलं तर घरात कोणाला काही वाटत नाही, पण स्वतःच्या शेतातला तांदूळ ताटातून काढ म्हटलं की ते आईच्या मनाला लागतं.

रोजचं खाणं साधारण असं. सकाळी पोहे नाहीतर उप्पिट, शॉपमध्ये दिवसाला चार चहा प्रत्येकी दोन चमचे साखरेचे, डब्यात तीन भाकऱ्या, भाजी आणि भात, संध्याकाळी भडंग किंवा बेकरीची खारी, रात्री परत दोन भाकऱ्या आणि ताटभर आमटी-भात. मी नंतर बसून हिशोब केला तेव्हा दिवसाचे कार्ब्स, म्हणजे धान्यातली-साखरेतली कर्बोदकं, साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गेले. प्रोटीन म्हणाल तर आमटीतली डाळ, आणि रविवारचं मटण असेल तेवढंच.

अडचण कुठं झाली

जानेवारीतल्या चेकअपला डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं आणि वर म्हणाले, काही बंद करू नका, सगळं खावा पण थोडं थोडं खावा. सल्ला चुकीचा नाहीच. पण मामांनी घरी येऊन काय केलं तर पाच भाकऱ्यांच्या चार केल्या, भात "थोडा" वाढायला सांगितला, चहा चालूच. चार महिन्यांनी वजन ९३. एक किलो. आणि हे चार महिने ते प्रत्येक जेवणाला स्वतःशी भांडत होते, आता अजून एक पळी घेऊ का नको, घेतली तर थोड्यात बसते का नाही. मामी म्हणाल्या, "हे जेवूलालेत की परीक्षा देऊलालेत तेच कळेना झालं होतं."

मग जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलगा पुण्याहून आला आणि किटोचे व्हिडिओ दाखवून गेला. भात बंद, भाकरी बंद, साखर बंद, फळंपण बंद, खायचं काय तर अंडी, पनीर, चिकन, लोणी, पालेभाजी. मामांना हे एकदम पटलं, कारण ह्यात विचार करायचा नव्हता, बंद म्हणजे बंद. पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरले आणि शॉपभर बातमी झाली.

त्या तीन किलोंबद्दल इथंच सांगून टाकते. शरीर लिव्हर आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, ठेवतं आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब्स तोडले की तो साठा संपतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. काट्यावर किलो दिसतात पण त्यात चरबी थोडीच असते. परत भात खाल्ला की तेच पाणी दोन दिवसांत परत येतं आणि माणूस म्हणतो, बघा, एक दिवस खाल्लं तर दोन किलो वाढले.

दुसऱ्या आठवड्यात प्रसंग झाला. सकाळी नाश्ता नाही, फक्त तूप घातलेली काळी कॉफी, आणि गोळी नेहमीचीच. अकराच्या सुमारास लेथजवळ उभे असताना दरदरून घाम, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढं अंधारी. पोरांना वाटलं हार्ट. नशीब म्हणजे तिथल्या एका ऑपरेटरची आई शुगरची पेशंट, त्याला लक्षणं माहीत होती, त्यानं आधी मामांना मशीनपासून बाजूला घेतलं, प्रथमोपचाराच्या खोलीतल्या ग्लुकोमीटरवर बघितलं तर ५८. सत्तरच्या खाली म्हणजे हायपो, शुगर नको तितकी खाली. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, मग माणूस ठिकाणावर आला.

कारण सरळ आहे. ग्लिमेपिराइड ही गोळी तुम्ही जेवला का उपाशी हे बघत नाही, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. खाण्यातले कार्ब्स एकदम काढले आणि गोळी तशीच ठेवली तर शुगर खाली जाणारच. मेटफॉर्मिननं एकट्यानं सहसा असं होत नाही. मामांनी डाएट बदललेलं डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, कारण त्यांच्या डोक्यात डाएट म्हणजे खाण्याची गोष्ट आणि डॉक्टर म्हणजे गोळ्यांची गोष्ट. त्या दिवशी संध्याकाळी गेले, डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड थांबवली, बीपीची गोळीही कमी केली.

इथून खरंतर गाडी रुळावर यायला हवी होती, आणि जुलै संपेपर्यंत आलीही, वजन ८५.६ पर्यंत गेलं. पण मग श्रावण लागला. घरात अंडी-मटण बंद. आता ज्याचा सगळा डाएट अंड्यांवर उभा आहे त्यानं काय खायचं? पनीर, परत पनीर, शेंगदाणे. त्यात सोमवार आणि शनिवारचा उपवास, म्हणजे साबुदाणा, जो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या पुढं कार्ब्स. मामा उपवासाला फक्त ताक पिऊन राहायला लागले आणि मंगळवारी सगळ्यांवर खेकसायला लागले.

गणपतीत मोडलं. घरचे मोदक नाकारणार कसे, एक खाल्ला, आणि एक खाल्ला म्हणजे मोडलंच की मग आता काय, असं म्हणून अकरा. मंडळात रोज प्रसाद, शॉपमध्ये कोणाच्या तरी मुलाचा रिझल्ट म्हणून कुंदा. दिवाळीपर्यंत वजन ९१.५, आणि नव्या तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ वरून १५२ झालेलं, लोण्याच्या वड्या नुसत्या खाल्ल्या होत्या ना. नोव्हेंबरमध्ये सुगी संपताना मामी त्यांना घेऊन माझ्याकडं आल्या. मामा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, एकच सांगा, किटो परत करू की थोडं थोडं खाऊ?"

पर्याय काय होते

परत किटो करणं हा पहिला पर्याय, आणि मामांचा कल तिकडंच, कारण आयुष्यात पहिल्यांदा वजन उतरलेलं त्यांनी तेव्हाच बघितलं होतं. मी तो लगेच उडवून लावला नाही. कमी कार्ब्सनं शुगर खाली येते हे त्यांच्या स्वतःच्या मीटरनं दाखवलेलं होतं. पण पुढच्या वर्षी श्रावण येणारच होता.

दुसरा, डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत, दोन वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मध्ये काही नाही, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मामांच्या मेहुण्यांना ह्याचा चांगला गुण आला होता. मामांची अडचण अशी की जेवायला बसल्यावर त्यांना थांबता येत नव्हतं, आणि दोनच वेळा म्हटलं की त्या दोन वेळी ते दिवसभराचं वसूल करणार. मधलं खाणं बंद करण्याचा भाग मात्र मी उचलून ठेवला.

वजन उतरवायच्या इंजेक्शनचंही विचारलं त्यांनी, भारतात २०२५ मध्ये मौंजारो आल्यापासून शॉपमध्येसुद्धा चर्चा असते. डॉक्टरांशी बोलून ते सध्या नको ठरलं, खर्च हे मोठं कारण.

राहिला चौथा, सगळं खा पण प्रमाणात. ह्यावर माझं मत थोडं वेगळं आहे, सांगते. २०१८ साली जामा ह्या नियतकालिकात स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर आणि सहकाऱ्यांचा डाएटफिट्स नावाचा अभ्यास आला. ६०९ लोक, वर्षभर, अर्ध्यांना लो फॅट, अर्ध्यांना लो कार्ब. शेवटी लो फॅटवाल्यांचं सरासरी ५.३ किलो आणि लो कार्बवाल्यांचं ६ किलो उतरलं, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. हे ऐकून लोक म्हणतात, बघा, काही केलं तरी सारखंच. पण त्याच अभ्यासात एकाच गटातल्या माणसांमध्ये प्रचंड फरक होता, कोणाचं तीस किलोच्या आसपास उतरलं तर कोणाचं दहा किलोच्या आसपास वाढलं. म्हणजे दोन डाएटांत फरक नाही, माणसामाणसांत आहे. मग मामा कुठल्या प्रकारचे हे शोधायचं, डाएटचं नाव नंतर बघू.

शिवाय आपल्याकडचं ताट मुळातच धान्यानं भरलेलं. भारतात एकूण कॅलरीतला ६० ते ७० टक्के वाटा कार्ब्सचा असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंतच ठेवा म्हटलंय. तेव्हा इथं प्रमाणात खायचं म्हटलं तरी धान्य कमी करावंच लागतं. मामांचं वर्षभराचं भांडण ज्या दोन टोकांत चाललं होतं ती टोकं तितकी लांब नव्हतीच.

काय केलं

मामींना एक कागद दिला. एका बाजूला जे पदार्थ मामांना खाऊन थांबता येतं ते, दुसऱ्या बाजूला जिथं थांबता येत नाही ते. मामांनाच विचारणार होते, पण ते म्हणाले मला सगळीकडं थांबता येतं, आणि मामी हसायला लागल्या, म्हणून कागद मामींकडं गेला. पुढच्या वेळी भरून आणला. थांबता येत नाही ह्यात आमटी-भात, कुंदा, भडंग, खारी, चहातली साखर. थांबता येतं ह्यात भाकरी, उसळ, मटण, दही, केळं, आणि आश्चर्य म्हणजे मोदक. मामींचं म्हणणं, गणपतीत अकरा खाल्ले ते डाएट मोडलं म्हणून खाल्ले, एरवी हे तीन मोदकांत गार होतात.

ह्यावरून ठरवलं. जिथं थांबता येत नाही तिथं लो कार्बवाल्यांसारखं, घरात रोजच्या दिवशी नाहीच. जिथं थांबता येतं तिथं मोजून खायचं. घरी रात्रीचा भात बंद, भडंग आणि खारी आणायचीच नाही, चहा बिनसाखरेचा आणि दोनच. कुंदा शॉपमध्ये आला तर डबा उघडायच्या आधी पलीकडच्या शेडमध्ये राउंडला जायचं, हे मामांनी स्वतः सुचवलं. डब्यात एक भाकरी, मोठी वाटी उसळ, पालेभाजी, दही. सकाळी दोन उकडलेली अंडी, श्रावणात आणि उपवासाच्या वारी मुगाचं धिरडं नाहीतर पनीर. रात्री एक भाकरी, भाजी, घट्ट आमटी नुसती वाटीत. उपवासाला वऱ्याच्या तांदळाची एक वाटी, दाण्याची आमटी, ताक. कार्ब्स दीडशे ग्रॅमच्या आसपास. किडनीसाठी क्रिएटिनिनची तपासणी आधी बघून घेतली, प्रोटीन वाढवायचं होतं म्हणून.

भाकरीवर जरा थांबते कारण इथं मजा झाली. आपल्याकडं समज असा की जोंधळ्याची भाकरी म्हणजे शुगरवाल्यानं कितीही खावी. जोंधळ्याच्या पिठात शंभर ग्रॅमला सत्तरच्या आसपास कार्ब्स असतात, तांदळात अठ्ठ्याहत्तर. भाकरी पोट भरते, चावायला वेळ लागतो, फायबर जास्त, हे सगळं खरं, पण पीठ ते पीठच. मी मामींना सांगितलं, भाकरीचा गोळा एकदा काट्यावर ठेवून बघा. तर मामींच्या भाकरीला ७५ ग्रॅम पीठ लागत होतं आणि सासूबाईंच्या भाकरीला ११०. म्हणजे चार महिने मामा "दोन भाकऱ्या" म्हणून जे मोजत होते ते कोण तव्याजवळ बसलंय ह्यावर ठरत होतं, सासूबाईंच्या दोन म्हणजे मामींच्या जवळजवळ तीन. चालत होतं ते सगळं अंदाजावर. मामींनी मग ७५ ग्रॅम पीठ बसेल अशी एक स्टीलची वाटी पिठाच्या डब्यात कायमची टाकली आणि काटा कपाटात गेला.

आईंचा प्रश्न राहिला. त्या एकदा मुलाबरोबर आल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, शेतातलं पिकवून आणायचं आणि पोरानं त्याच्याकडं बघायचं नाही म्हणजे काय म्हणायचं हे?" त्यांना कॅलरीचं सांगून उपयोग नव्हता. मग रविवारी दुपारी घरच्या तांदळाचा भात ठेवला, मटणाच्या रश्श्याबरोबर, ६० ग्रॅम कोरडा तांदूळ मामांच्या वाट्याचा, आईंनी वाढायचा, आणि पातेलं लगेच आत न्यायचं. रविवारीसुद्धा भात आमटीबरोबर नाही, हे मामींनी सुचवलं, कारण रश्श्याला मटण असतं म्हणून हात लवकर थांबतो. आई तेवढ्यावर तयार झाल्या.

चालायला व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या जागेत सकाळी मेहुण्यांबरोबर, चाळीस मिनिटं. पावसाळ्यात बेळगावचा पाऊस कोणाला चालू देतो, तेव्हा घरीच खुर्चीवर उठबस आणि जिना.

काय झालं

पहिल्या महिन्यात दोनच किलो. मामा नाराज, किटोत आठवड्यात तीन गेले होते म्हणाले, मग परत पाण्याचा हिशोब समजावून सांगावा लागला. एप्रिलला ८७. मेमध्ये घरचं लग्न, मांडे होते, मामांनी एक मांडा दुधात कुस्करून खाल्ला, रात्री जेवणात भात टाळला, दुसऱ्या दिवशी डबा नेहमीचा. माझ्या दृष्टीनं वर्षातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती, मांडा खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी डबा तोच होता. काट्यापेक्षा मी त्यावर जास्त खूश झाले. श्रावणात वजन उतरलं नाही पण वाढलंही नाही. गणपतीत एक किलो वाढलं, दसऱ्याला उतरलं.

पुढच्या डिसेंबरला वजन ८३.२, कंबर ९९, एचबीएवनसी ६.४ नुसत्या मेटफॉर्मिनवर, एलडीएल १२१. बीएमआय अजून २९ च्या वर, म्हणजे हिशोबानं लठ्ठच. कंबरही ९० च्या खाली नाही. ऑगस्टपासून वजन जवळजवळ तिथंच आहे. मुलाचं म्हणणं, किटो केलं असतं तर एव्हाना सत्तरीत आला असता. येऊ शकलेही असते, श्रावण नसलेल्या घरात.

वेगळं काय करता आलं असतं

गोळीचं पहिलं. शुगरची गोळी, त्यातही ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी, किंवा इन्सुलिन चालू असेल तर कार्ब्स कमी करायच्या आधी डॉक्टरांना फोन, नंतर नाही. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी ग्लिफ्लोझिन गटातली गोळी असेल तर अजून जपून, तिच्याबरोबर कार्ब्स फारच तोडले तर किटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल साठण्याचा, धोका असतो आणि त्यात शुगर फार वाढलेली दिसेलच असं नाही, त्यामुळं लवकर लक्षात येत नाही. मामांचा हायपो लेथजवळ झाला, चालू मशीनवर वाकलेले असते तर निभावलं नसतं.

दुसरं, जूनमध्ये किटो सुरू करताना कॅलेंडर बघायला पाहिजे होतं. ज्या घरात श्रावण पाळतात, त्या घरात अंड्यांवरचा डाएट श्रावणाच्या तोंडावर सुरू करणं म्हणजे दीड-दोन महिन्यांचाच डाएट. दिवाळीनंतर सुरू केला असता तर सलग मोठा काळ मिळाला असता, आणि कदाचित तोच टिकलाही असता, हे मी नाकारत नाही.

तिसरं म्हणजे आई. त्यांना जानेवारीतच बरोबर घेतलं असतं तर भाकरीचा गोळा तेव्हाच वजन झाला असता आणि "थोडं थोडं" चे ते चार महिने वाया गेले नसते. डॉक्टरांच्या सल्ल्याला माप जोडलं गेलं नाही आणि माप स्वयंपाकघरात असतं, केबिनमध्ये नाही.

आणि एक गोष्ट मला अजून ठरवता आलेली नाही. आमटी-भात कायमचा बंदच्या यादीत ठेवायचा का? मामा म्हणतात आता जमेल, एक वाटी खाऊन उठेन. मामी म्हणतात अजिबात नको. सध्या मामींचं चाललंय, ह्या सुगीचा नवा तांदूळ आला की महिनाभर बुधवारी रात्री करून बघायचं ठरलंय, आणि जेवणानंतर दोन तासांनी शुगर बघून वहीत लिहायची.